शेरा

रावपुऱ्यातल्या लॅबमध्ये नवा मॉनिटर आला,
आडवा, ऐसपैस.
विंडो ताणली तरी यादी डावीकडेच
अंग चोरून उभी,
उजवीकडे नुसतं राखाडी अंगण.

"मोटी करो ने, बेन," हेमांगभाई म्हणाले.

आधी सरसकट सारखी वाटणी केली.
अनुक्रमांक मांडी घालून बसला
आणि पेशंट झाले
त्र्यंबकराव शितो...
मग हिशेब मांडला:
एकूण रुंदीतून स्क्रोलबारचे सतरा पिक्सेल वजा,
तारखेला तिच्यापुरतं, रकमेला तिच्यापुरतं,
उरेल ते शेवटच्या रकान्याला.

कोपरा धरून ओढला
आणि कुणीतरी कधीकाळी शून्यावर मिटवलेला
रकाना उघडला.
शेरा.
कुंदाताई माहूरकरांनी, नोकरी सोडण्याआधी,
एका बोटाने टाइप केलेला:

डाव्या हाताची शीर घ्यावी.
सुईकडे पाहू देऊ नये, गप्पा माराव्यात.
रिपोर्ट मुलाकडे देऊ नये. स्वतः येतील.
यांना पैसे मागू नयेत.

हेमांगभाई चष्मा वर सरकवून
खालपर्यंत वाचत गेले. बाकावर कुणीतरी खोकलं.

विंडो पुन्हा लहान करून पाहिली.
नावं आक्रसली, तारखा आक्रसल्या.
शेऱ्यासाठी एक ओळ वेगळी लिहिली:
किमान रुंदी दोनशे चाळीस.