मानशीवर, अवसेला

रात्रीच्या फेरीतून दुर्बीण उतरवली तेव्हा
खलाशाने विचारलं, "बाय, तोफ?"
हो, म्हटलं, सहा इंचांची.
आवाज न करणारी.

दिवाडीचा बांध पायाखालून ओला.
मानशीच्या फळ्यांवर रुझार,
जाळं दुमडून मांडीवर,
आणि डोक्यावर टांगलेला पांढरा एलईडी
अख्ख्या आकाशाला पुरून उरणारा.

"विझव ना, रुझारबाब."
"विझवला तर सुंगटं काय
तुझे तारे बघून येणार?"

बरोबरच होतं त्याचं.
पाण्यात त्यांचे डोळे जमत होते,
तांबडे, जोडीजोडीने.
नदीच्या वळणाआड कॅसिनोंचा जांभळा उजेड
ढगाच्या पोटाला चाटत होता.
आम्ही डास मारत बसलो.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना भरती थबकली.
पाणी ना आत, ना बाहेर.
"आता धा मिनटां," रुझार म्हणाला,
आणि तारेचा आकडा काढला.

आधी काहीच नाही.
अंधारालाही उगवायला वेळ लागतो.
मग स्वाती, हळदीचं बोट लागल्यासारखी.
चित्रा, इतकी तापलेली
की अंगावर रंग ठरत नाही, नुसता निळा भास.
आणि आग्नेयेला, खारफुटीच्या वर, ज्येष्ठा.

"ही का रागावली?"
रागावली नाही. म्हातारी झाली.
पोटातलं सरपण संपत आलं
की तारे असेच सुजतात, लाल होतात.
"माझा थोरला भाऊ तसाच सुजलेला," तो म्हणाला.
"त्याचं लिव्हर."

हा उजेड तिथून निघाला ना,
तेव्हा पलीकडे जुन्या गोव्यात
एकसुद्धा चर्च नव्हतं.
"आणि मानस?"
मानस असेल.
तो जरासा ताठ बसला.

मग मी मेलेल्यांचं सांगितलं.
पांढरे, बुटके, ज्यांची आग गेली
पण धग जाता जात नाही.
"सोडणं," रुझार म्हणाला,
"पेज उतरवल्यावर चुलीत उरतात ती."
पंधरा वर्षं शिकवते मी हे.
सोडणं कधी सुचली नव्हती.

दक्षिणेला, माडांच्या शेंड्यांवर,
नरतुरंगातला एक पुसट डाग.
दुर्बीण लावली. लाखो सूर्य, एका चिमटीत.
तो वाकला, एक डोळा मिटून, तोंड उघडं.
बराच वेळ.
"गालमो," शेवटी म्हणाला.
"चटईवर वाळत घातलेला.
इतका कोण खाणार?"

तेवढ्यात उत्तरेला मोपाकडे
एक विमान उतरू लागलं,
पंखांना लाल, हिरवा.
रुझार उठून उभा राहिला.
ज्येष्ठेपेक्षा, गालम्यापेक्षा जास्त वेळ
त्याने ते विमान पाहिलं,
ते टेकडीमागे गेल्यावरही.
मी काही समजावलं नाही.

फळीखाली पाणी कुजबुजलं. ओहोटी.
आकडा परत तारेवर,
आकाश गेलं.
"वीस रुपयांची सुंगटं घालवलीस," म्हणाला,
आणि पहाटे, जाळं उपसल्यावर,
ओंजळभर माझ्या पिशवीत टाकली.

पहिल्या फेरीच्या वाटेवर त्याचं घर.
दारात नाताळाचं नखेत्र अजून लटकलेलं, मे महिन्यात,
आत पंचवीसचा बल्ब, जळता.
मुलगा, जुस्तीन, तारवटी;
डिसेंबरात येणार होता,
मग जहाज कुठल्याशा बंदरात अडकलं.
तारवटी. आयुष्यभर हा शब्द ऐकला,
त्यात तारा आहे हे कधी दिसलं नव्हतं.

पूर्वेला शुक्र वर आला होता,
तारा नसूनही सगळ्यांत झगझगीत.
मी त्याच्याकडे पाठ करून
कागदाच्या त्या चांदणीकडे पाहिलं.
पाच टोकं. एक फाटलेलं.
तिथे खळीने चिकटवलेला
वर्तमानपत्राचा तुकडा,
उजेडात वाचता येणारा:
बांगडा, सुरमई, त्या दिवशीचे भाव.