रबराचा बेडूक

घरी सांगतो, चालायला जातो.
चालतोच की, वलथरेच्या अंगणापर्यंत.
तिथे शेळीच्या खुंट्याला साखळीनं बांधलेली असते माझी होडी,
नारिंगी, प्लास्टिकची, पाठीवर सातचा आकडा.
खिंडसीकडचं कुठलंसं रिसॉर्ट बुडालं, तेव्हा लिलावात घेतली.
महिन्याला दोनशे रुपये जागाभाडं.
पैकू वलथरे नोटा न मोजता बंडीच्या खिशात कोंबतो
आणि दर वेळी विचारतो, एकाच सुरात,
"एवढ्या पैशात मासोळी इकत नाही भेटत का गा?"

अंबाझरी, पहाटेचे साडेपाच.
काल मारबती जळल्या. ताशांची बारीक वाळू
अजून कानात आहे.
मोठ्या पाण्यावर वारा, म्हणून आत वळतो,
जिथे तलाव आपला एक कोपरा दुमडून ठेवतो.
जलपर्णी. आडवी पडलेली बाभूळ.
कुणाच्या तरी देव्हाऱ्यातली फ्रेम, काच शाबूत, देव ओला.
वल्हं उचललं की थेंब पडतात,
तेवढाच आवाज.

मांडीवर बेडूक. पाठ हिरवी, पोट पिवळं,
दोन गळ पाठीशी निजवलेले.
हिंगण्याच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं मी साचे चालवले,
बेडकांचे नाही, बाटल्यांच्या झाकणांचे.
म्हणून त्याच्या कुशीवरची शिवण मला दिसते.
मरळीला दिसत नाही.

फेकतो. थांबतो. मनगटाला दोन हिसके.
पानांवरून फुदकत येतो खोटा जीव.
काही नाही.
वरून मेट्रो जाते, तिच्या उजेडाच्या खिडक्या
पाण्यात एकेक करून मोडतात.
पहिल्या पाळीची माणसं. कुणी खाली पाहिलं असेल तर
सोलून टाकलेली एक साल दिसली असेल.

मग बाभळीखाली पाणी शिजायला लागलं.
आधण येताना येतात तसे बुडबुडे,
आणि त्यांत तांबूस, शेंदरी
शे-दोनशे काड्या, एकदम वर येऊन श्वास घेणाऱ्या.
ते काय आहे, मला ठाऊक होतं.
हे इथे लिहून ठेवतो.

बेडूक त्या उकळीच्या मधोमध टाकला.

भूक अशी येत नाही. भूक आधी चाचपते.
हे लाथेनं दार उघडल्यासारखं.
होडी गर्रकन फिरली, तंगूस कापत गेला पाणी आणि बोट,
मी गुडघ्यांनी होडी आवळून धरली,
लहानपणी म्हशीची पाठ धरायचो तशी.
किती वेळ? भोंगा वाजायच्या आधीची
पाच मिनिटं जेवढी असतात तेवढा.

मग ती मांडीवर, दोन किलोच्या वर,
सापाचं डोकं, हवेतून श्वास घेणारी, माझ्यासारखीच.
ती म्हणालो. बापही असेल.
मरळीत राखण दोघंही करतात.

तिकडे उकळी फुटली होती.
काड्या सैरावैरा, आणि खालून तिलापिया
येत होते, चपटे, घाई न करता,
दुसऱ्या पंगतीला बसावं तसे.

ट्रकच्या ट्यूबवर बसून, पाय पाण्यात सोडून,
पलीकडे वलथरे जाळं गोळा करत होता.
"काऊन गा, लाल पिल्लं दिसून नाही रायले का तुले?"
"नाही दिसले," मी म्हणालो.
तो काही बोलला नाही.
जाळ्यातला कचरा वेचत राहिला, एकेक पान.

पक्कड माझ्या हातातली जुनी, तरी गळ निघेना.
निघाला तेव्हा ओठाचा एक तुकडा घेऊन निघाला.
सोडली. होडीच्या सावलीत थबकली,
शेपटीनं गाळ उठवला, गेली.
बाभळीकडे की मोठ्या पाण्याकडे, दिसलं नाही.
हे मात्र खरंच दिसलं नाही.

एक तारखेला दोनशे दिले.
मासोळीचं काही विचारलं नाही त्यानं.
नोटा उजेडाकडे धरल्या,
आणि मोजल्या.