एकास एकशेसाठ

गोठ्याच्या दाराची एक झडप,
वाळवीने खाल्लेलं खालचं अंग कापल्यावर उरली
दीड फूट रुंद, साडेतीन फूट लांब.
कुवारबावच्या एका खोलीत आम्ही तिघं,
शिवणयंत्र, फ्रीज, जुईची सायकल.
जागा होती ती फक्त वर.

पाळण्याचा हुक रिकामाच होता.
गावच्या विहिरीची कप्पी त्याला अडकवली.
बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी नसली
की दोर सोडतो,
आणि एक मुलूख करकरत खाली उतरतो,
दर्शनाच्या कपाळापासून हातभर वर थांबतो.
‘‘पडलं ना, तर डब्यांसकट तुला टांगीन,’’
ती डोळे न उघडता म्हणते.

इंजिन जपानी,
करंगळीएवढं रुंद, तर्जनीएवढं लांब.
बाकी सगळं इथलं.
जांभ्याची भुकटी चहाच्या गाळणीतून चाळलेली,
खडी म्हणून मांडवीची काळी वाळू,
फणस भांडी घासायच्या काथ्याचा,
आणि त्याला लागलेले फणस म्हणजे मेथीचे दाणे.
कडू असतात, मुंग्या येत नाहीत.
खारा वारा रूळ दोन दिवसांत काळे करतो.
जुई खोडरबराने पुसते,
मग तिच्या गणिताच्या वहीत
प्रत्येक चुकीवर एक काळा डाग.

हिशेब सोपा आहे.
गुंठ्याची बाजू तेहतीस फूट,
एकशेसाठाने भागली की अडीच इंच नाहीत.
गुंठा तळहातावर मावतो.
आमचा तळीकडचा कुणगा सात गुंठ्यांचा.
सात तळहात.

मोजणीवाले आले तेव्हा मी सात वर्षांचा.
लाल-पांढरी काठी सरळ धरून उभं राहायचं
काम मला मिळालं होतं, वर एक लिमलेटची गोळी.
बाबा म्हणत होते, ‘‘सायबानु, ह्या फणसाक जरा वळसो घाला,
पैसे कमी दिलास तरी चलात.’’
साहेब वाईट नव्हता. दोनदा नकाशा उलगडून बघितला.
म्हणाला, ‘‘वळण बसत नाही.’’
मी काठी हलू दिली नाही.

म्हणून फळीवर आधी कुणगा केला, मग रूळ.
जुन्या टॉवेलचे धागे हिरवे रंगवून
चिमट्याने एकेक रोप लावलं.
लावणी तीन महिने चालली.
गाडी टेकडीमागून नेली,
कुणाच्या बांधाला न शिवता.

सहा इंचाचं वळण. इंजिन तिथे पडायचं.
हळू नेलं तरी पडायचं.
नऊ इंच तरी हवं होतं.
‘‘मग फळी मोठी कर,’’ दर्शना म्हणाली,
आणि आम्ही दोघंही भिंतींकडे बघितलं.

एका रविवारी खिळा ठोकला,
दोऱ्याला पेन्सिल बांधून फिरवली.
रेघ बांध ओलांडून कुणग्यात शिरली,
नेमकी फणसाच्या बुंध्यातून.
खिळा सुताभर सरकवला.
आणखी सुताभर.
जुईने विचारलं, ‘‘काय शोधतोयस?’’

मोतीबिंदूसाठी बाबा आले,
एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
कॉटवर बसून दुसऱ्या डोळ्याने
गाडीच्या दोन फेऱ्या बघितल्या.
‘‘फणस खंय गेलो?’’
मी स्क्रूड्रायव्हर पुसत राहिलो.
‘‘वळण बसत नव्हतं.’’

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
तिसऱ्या फेरीला म्हणाले,
‘‘हय थांबव.’’
तिथे स्टेशन नाही. गावातही नाही,
गाडीसाठी अकरा किलोमीटर जावं लागतं.
थांबवली.
सगळे डबे कुणग्यात उभे राहिले,
शेवटचा अर्धा बोगद्यात.

वाळूत पडलेला मेथीचा एक दाणा
त्यांनी नखाने उचलला,
खिशात टाकायला गेले, मग तोंडात टाकला.
बराच वेळ चघळत होते.
‘‘वर घे आता,’’ म्हणाले,
‘‘पोरीक झोप इली.’’
आणि दोराचं दुसरं टोक
स्वतःच धरलं.