नऊ इंच

लक्ष्मीनगरच्या चौकातला फूटपाथ
नऊ इंच उंच आहे.
मला मोजावं लागत नाही.
सत्त्याऐंशी साली त्या ड्रॉइंगवर
खाली उजव्या कोपऱ्यात
सही माझीच होती.

तेव्हा मी नऊ इंच न बघता चढायचो,
तोंडात खर्रा, काखेत नकाशाची गुंडाळी,
आणि साहेबांना सांगायचो,
पावसाचं पाणी वर यायला नको.
पाण्याचा विचार केला होता.
गुडघ्याचा नाही.

आता सिग्नल वीस सेकंद देतो.
सातला काठी रस्त्यात, अकराला दुभाजक,
सोळाला कोणी पोरगा
गाडी पुढे सरकवत म्हणतो, चला ना काका.
विसाला मी कडेशी पोचतो
आणि माझी सही
माझ्यासमोर भिंतीसारखी उभी.

पलीकडच्या बागेत बाक आहेत, स्टीलचे.
नागपूरच्या मे महिन्यात बसून दाखवा.
ढोमणे पेपराच्या चार घड्या घालून बसतो
आणि तरी उठताना म्हणतो,
"शेकून निघालो बाप्पा."
कडुनिंब अकरा पावलांवर. त्याची सावली रिकामी.
मुतारी आहे, कुलूप आहे,
किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही,
म्हणून ढोमणे घरून पाणीही न पिता निघतो.

परवा पाहिलं तर कडेला चार विटा.
कडेवर उभ्या, शेजारी शेजारी,
तारेनं बांधलेल्या, खाली पोत्याचा तुकडा.
मेयोतून रिटायर झालेल्या खोब्रागडे सिस्टर
त्यांवर पाय देऊन वर गेल्या
आणि वळून हात पुढे केला.
"ठेवा जी पाय. हालत नाही.
चार दिवस झाले, चढून राहिली मी."
मी विचारलं, परवानगी कोणाची?
"परवानगी कायची? गुडघे माहे."

साडेचार इंच. मग साडेचार इंच.

तीस वर्षं मी हे शहर वरून पाहिलं,
कागदावर, एकास शंभर.
त्या मापात माणूस म्हणजे पेन्सिलीचा ठिपका,
आणि ठिपक्याला वय नसतं.

महापालिकेच्या गाडीनं विटा दोनदा उचलल्या.
दोनदा त्या परत आल्या.
काल रात्री अर्ज लिहायला बसलो.
'विषय' एवढंच लिहून झालं.
मग कागद उलटा केला
आणि उतार काढला, एकास बारा,
त्याच्या टोकाला कडुनिंब,
सावलीच्या आत बाक, लाकडी,
उठताना धरायला दांडी असलेला.
मुतारीचं दार उघडं काढलं.
उजव्या कोपऱ्यात जागा सोडली.

सिस्टरना म्हटलं, इथे सही तुमची.
त्यांनी चष्मा पुसून कागद पाहिला.
"सही करीन. पण आधी ढोमणेले विचारा,
त्याचा पाय किती उचलते ते."

म्हणून आज सकाळी टेप घेऊन
ढोमणेच्या पायाशी उकिडवा बसलोय.
पाच इंच. फार तर सव्वापाच.
लिहून घेतलं आहे.
आता मला उठवायला
कोणीतरी हात द्या.