पान दोनशे दहा

दोंडाईच्याच्या वाचनालयात, सहाव्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात
एक कादंबरी आहे. मुखपृष्ठ कधीच गेलं.
पुठ्ठा मी चढवला, नाव मी लिहिलं,
निळ्या शाईनं, जरा तिरकंच.

गोष्ट कोकणातली. शालन आणि दिनकर. मध्ये खाडी.
खाडी इथं कुणी पाहिलीय?
वाचणाऱ्यांनी सारंगखेड्याची तापी घेतली,
तिथंच तर लावली, तिथंच दिनकरला उभं केलं
पहाटेपासून, हातात पत्र्याची ट्रंक देऊन.
पान दोनशे दहा.
दोनशे अकरावर तर सुटते. शालन येत नाही.
पुढची सत्तर पानं ती वकिलाच्या घरी कंदिलाच्या काचा पुसते.

उत्तमसिंग गिरासे, एसटीतून निवृत्त,
नऊ वेळा घेऊन गेले आणि नऊ वेळा
दोनशे दहावर जुनं तिकीट ठेवून परत केलं.
"पुढचं सांगू नका साहेब.
आपण बेल मारलीच नाही, तर गाडी हलेल कशी?"

झेलाबाईला अक्षर येत नाही.
मिरचीच्या खळ्यावर देठं खुडता खुडता
नातीकडून ऐकते. त्या पानावर
लाल बोटांचे ठसे आहेत, उघडलं की अजून खोकला येतो.
"ती का बरं उनी नही वं? तिना पाय मोडना व्हता का?"
नात म्हणते, पुस्तकात लिहिलेलं नाही.
"मंग लिखनारले इचार."
लिहिणारा जाऊन चाळीस वर्षं झाली.

वाचनालयाचा नियम: पुस्तकात लिहू नये.
समासात जागा उरलेली नाही.
ये गं. अजून वेळ आहे.
वकील मेला पाहिजे.
वकील मेला पाहिजे, याखाली तीन वेगवेगळ्या सह्या.
कुणी दोघांची पत्रिका जुळवलीय, छत्तीसपैकी एकतीस.
कुणी मुलीचं नाव ठेवलंय.
माझ्या टेबलाच्या खणात खोडरबर आहे, समितीनं दिलेला.
अजून कोरा आहे.

मागच्या चिठ्ठीवर तारखा आणि नावं.
कु. प्रभा खैरनार, एकाच वर्षात तीनदा.
मग दोन वर्षं काही नाही.
मग सौ. प्रभा. आडनाव माझं.
त्यानंतर दर मार्गशीर्षात एकदा, शिक्का मीच मारलेला.
घरी ती भाकरी थापताना मध्येच थांबते,
पीठ हाताला तसंच,
खिडकीतून काही दिसत नाही, समोर फक्त गिरणीची भिंत आहे.
मी कधी विचारलं नाही.
पाणी मागितलं, मीठ मागितलं.

एका पावसाळ्यात, वाचक नव्हते, वीजही नव्हती,
मी कादंबरी शेवटपर्यंत वाचली.
पान दोनशे साठ. वकील बाहेरच्या खोलीत कागद चाळत बसलेला.
त्याच्यासाठी लेखकानं दीड ओळ खर्चली होती.
मी पेन्सिल घेतली, आजूबाजूला पाहिलं,
आणि समासात लिहिलं:
तोही जागा होता.

परवा पुस्तक परत आलं. फार्मसीच्या कॉलेजातली पोरगी,
घाईत होती, दंडाचे चार रुपये ठेवून गेली.
मी पानं तपासली, तपासावी लागतात.
दोनशे साठवर, माझ्या ओळीखाली,
गोल, नवं, जेल पेनानं:
मग विचारलं का नाही त्यानं?

जेल पेन खोडता येत नाही.

आज रजिस्टरला पहिल्यांदा माझं नाव लिहिलं.
पुस्तक पिशवीत, वर मेथीची जुडी.
प्रभानं जुडी उचलली, पुठ्ठा पाहिला.
"हे कशाला? मला पाठ आहे."
"मला नाही," मी म्हणालो. "दोनशे अकरापासून वाच."
आवाज माझाच होता, थोडा घोगरा,
फोडणीत मिरची पडली होती म्हणून असेल.

तिनं गॅस बारीक केला.
हात पुसले, आधी पदराला, मग पुन्हा फडक्याला.
चष्मा डोक्यावरच होता,
तरी बराच वेळ ती तो शोधत राहिली.