येंदुकू

अक्कलकोट रोडच्या शेडात
मी अकरा मागांवर अकरा पेट्या बसवल्या.
करड्या, जेवणाच्या डब्याएवढ्या,
आत काय चालतं ते मलाही निम्मंच ठाऊक.
कागदावर लिहिलं होतं :
धागा तुटायच्या आधीच ओळखते.

पहिल्याच पाळीत सात नंबर थांबला.
धागा शाबूत, कांडी भरलेली,
फणी सरळ, धोटा आपल्या खणात.
पेटीवर लाल आकडा, चारशे सतरा.
राजमणी वडनाल कमरेवर हात ठेवून उभी राहिली
आणि म्हणाली, "येंदुकू?"
मला वाटलं, मलाच विचारते, का म्हणून.
ती पेटीला विचारत होती.

मी पुस्तिका उघडली. चारशे सतरा म्हणजे
प्रणालीने थांबण्याचा निर्णय घेतला आहे.
"थांबलालंय ते मलाबी दिसलालंय की बे.
कशाला, ते बोल."

मग तिनं मला बाराव्या मागापाशी नेलं,
ज्याला पेटी पुरली नव्हती.
तिथं एकेका उभ्या धाग्यावर एकेक पत्ती लटकलेली,
पातळ, लोखंडाची, कुणाच्या खिजगणतीत नसलेली.
राजमणीनं कात्रीनं एक धागा तोडला.
टिक्.
पत्ती पडली, माग गप्प.
शेकडो पत्त्यांत तेवढीच एक खाली,
नुसतं बोट फिरवलं की सापडावी,
दिवे गेले तरी.
"हेबी थांबतं," ती म्हणाली,
"पण कुठं दुखलालंय ते दाखवून थांबतं.
तुझं नुसतंच रुसतं."

आणि रुसवा काढायचं बटण?
ते पेटीच्या आत. पेटीला कुलूप.
किल्ली शेठकडे, शेठ पुण्याला.
बावीस मिनिटं माग बंद.
मजुरी टॉवेलाच्या नगावर मिळते,
बावीस मिनिटांचा नग कुणी मोजत नाही.

त्याच आठवड्यात दत्त चौकात
गाडीच्या कर्जाचं विचारायला गेलो.
साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला : अपात्र.
माझ्या घरात तेलुगू कुणी बोलत नाही,
तरी तोंडातून तेच निघालं. येंदुकू?
"सिस्टिमनं ठरवलंय," साहेब म्हणाले,
आणि पुढच्या माणसाला खूण केली.
मी काउंटरखाली वाकून बघितलं.
खरंच बघितलं,
कुठं एखादी पत्ती पडलीय का.

रात्री कंपनीत फोन लावला.
पलीकडच्या पोरीला म्हटलं, आकडा नको, वाक्य लिहा.
"कोणत्या भाषेत?"
मागावर भांडतात त्या.
ती हसली नाही. लिहून घेतलं.

महिन्यानं पेटी बोलली :
डाव्या काठापासून दोनशे बारावा धागा
ताणलेला वाटतो. बघा.
वाटतो. हा शब्द त्या पोरीचा.
मी तिला कधी पाहिलेलं नाही.
बटण मी बाहेर काढलं,
राजमणीच्या उजव्या कोपराशी, चार भोकं पाडून.
गॅरंटी तिथंच संपली.

दोनशे बारावा तिनं चिमटीत धरला,
गालाला लावून पाहिला, सोडला.
काही झालेलं नव्हतं त्याला.
बटण दाबलं, माग धडधडत सुटला.
दुपारी पुन्हा थांबला. तिनं पाहिलं,
काही न बोलता गाठ मारली.
एकदा पेटीवर आलं : खात्री नाही.
राजमणीनं पोरींना हाक मारून दाखवलं.
"बघा गं, आता कुठं कामाला लागलं हे."

बारा नंबरला पेटी बसवू का, शेठ विचारतात.
मी म्हणतो, बसवू, पण पत्त्या काढायच्या नाहीत.

माझ्या कर्जाचं मात्र अजून कळलेलं नाही.
पाळी सुटली की गेंट्याल चौकापर्यंत चालत येतो.
अंगाला सूत चिकटलेलं असतं,
झटकलं तरी कुठून आलं ते कळणारं.