बारा रुपये बाकी

उधारीच्या वहीत एक ओळ तशीच आहे :
गौरव्वा, वॉर्ड तीन, बारा रुपये.
पुढं तारीख. पुढं काही नाही.

मिरजेत दवाखान्यांच्या बोळात आमचं मेडिकल.
रात्री दोनलाही शटर अर्धं वर.
तिला इंजेक्शन पाहिजे होतं नवऱ्यासाठी.
पदराची गाठ सोडून तिनं नाणी मोजली,
परत मोजली.
असू दे, म्हटलं मी.

ती पहाटे आली
ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी घेऊन.
जाडजूड पानं, बारीक लव, कडा कातरलेल्या.
दोड्डपत्री, म्हणाली.
मी म्हटलं, अहो, हा तर पानाचा ओवा.
गावाकडनं निघताना त्याच्या खोकल्यासाठी घेतलेला,
आणि आता सगळं खोकल्याच्या पार पलीकडं गेलेलं.

कानडी मला येत नाही, मराठी तिला.
तिनं हातानंच सांगितलं :
पान तव्यावर मऊ करायचं, पिळायचं,
(इथं ती स्वतः खोटंच खोकली)
दह्यात वाटायचं, खोबरं घालून,
हे जेवणातलं. इथं ती हसली.
एवढंच.

रंगाच्या डब्यात खोचली काडी.
आठवड्यात धरली.
ओवा कुणाच्या हातचा आहे ते विचारत नाही.

पद्मल पावसात भजी करते त्याची,
पीठ सैल, पान अख्खं,
तेलात पडल्या पडल्या फुगून पाठ दाखवतं.
सन्मतीच्या छातीत घरघरलं की दोन पानांचा रस.
मध आमच्यात चालत नाही, म्हणून गुळाचा खडा.
आणि माझ्या पाठीमागं फळीवर
खोकल्याच्या सतरा बाटल्या,
लाल, हिरव्या, साखर नसलेल्या.
एकही घरी नेली नाही अजून.
बशीरभाईंना हे सांगितलेलं नाही.

सतारी करणारा इलाही येतो, घशात भोपळ्याचा भुसा,
बाटली मागतो. मी बाटली देतो.
वर एक काडीही देतो, कागदात.
त्याच्या गॅलरीत आता माझ्यापेक्षा मोठं झुडूप आहे.

वॉर्ड तीनमधल्या त्या खाटेवर नंतर कोण आलं
मी चौकशी केली नाही.
रस्ता ओलांडला की वॉर्ड.
कानडी येत नाही, हे कारण मी बरेच दिवस पुरवलं.

मार्चअखेरीला बशीरभाई वही चाळतात.
हे बारा मिटव की रे.
मिटवतो, म्हणतो,
आणि पान उलटतो.

सकाळी शेंडे खुडून येतो कामाला,
नाहीतर डबा नुसता उंच वाढतो, खाली बोडका.
साबणानं धुतले तरी बोटांना वास राहतो.
त्याच बोटांनी सुट्टे मोजताना
गिऱ्हाईक नाक वर करून विचारतं,
हे कुठलं औषध हो?

मी बिल करत राहतो.